कबुतरांची तार

एरियल जोडलेलीच नव्हती. रविवारी सकाळी टेबल भिंतीपासून ओढून मागची धूळ पुसावी म्हणून तो वाकला, तर गच्चीवरून खिडकीतून आत येणारी काळी वायर टेबलाच्या पायाशी फरशीवर पडलेली होती आणि तिच्या पितळी तोंडावर धूळ चढली होती. मग सेटच्या पाठीत खुपसलेली आहे ती कुठली? त्याने हात घालून चाचपलं. वीतभर वायर आणि तिच्या टोकाला एक पत्र्याची डबी. डमी! हातातलं फडकं बाजूला ठेवून तो तिथंच खाली बसला. डमी म्हणजे खोटी एरियल. नवा सेट तपासताना हवेत उगाच कटकट जाऊ नये म्हणून खऱ्या एरियलच्या जागी ही डबी लावायची असते. आतले रेझिस्टर सेटमधून निघालेली सगळी शक्ती पिऊन टाकतात आणि जरासे कोमट होतात, बाहेर काही जात नाही. जाऊ नये, असं म्हणायला हवं. डबीचा पत्रा पातळ असला, एखादा डाख कच्चा असला, तर थेंबभर झिरपतं. ते झिरपलेलं ऐकायला माणूस शेजारच्या खोलीत तरी पाहिजे, फार तर शेजारच्या इमारतीत. त्याची आजवरची सगळी नोकरी पाण्याचे मीटर तपासण्याच्या खोलीत गेली होती. नळ बंद असूनही काटा हलत असेल तर त्याचा अर्थ काय होतो हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. कुठंतरी पाणी मुरत होतं. आणि या डबीतून तो गेल्या वर्षापासून जवळजवळ रोज संध्याकाळी डोंगरापलीकडच्या एका माणसाशी बोलत होता.

बोलत होता म्हणजे तोंडाने नव्हे, मोर्सच्या टिंब-रेघांनी, बोटाखालची छोटी की दाबून. तोंडाने तो कधीच फारसा बोलला नाही. सेट त्याने बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात बांधला होता, झाकणावर अजून लाल फुलांचं चित्र होतं. एका क्रिस्टलभोवती दोन ट्रान्झिस्टर, मसुराएवढे कपॅसिटर, आणि लोखंडी भुकटीच्या अंगठीएवढ्या कड्यावर हाताने गुंडाळलेली तांब्याची तार. ही तार गुंडाळताना वेढा वेढ्यावर चढू द्यायचा नाही आणि मोजता मोजता मन कुठं जाऊ द्यायचं नाही; गेलं की सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. त्याला हे काम फार आवडायचं. मन कुठं जाऊ देऊ नका अशी सक्ती करणारं दुसरं काही त्याच्या घरात उरलं नव्हतं. सेटची ताकद अर्धा वॅट. विजेरीचा बल्ब याहून जास्त खातो. बाजारातून तयार यंत्र आणून शंभर वॅटनी आरडाओरड करणारे लोक होतेच, पण त्यांचं त्याला कौतुक नव्हतं. पैसे टाकून कुणीही ओरडेल. आपल्या हाताने बांधलेल्या डब्यातून कुजबुजायचं आणि तरी कुणीतरी ‘ऐकलं’ म्हणायचं, गंमत त्यात होती. बायको म्हणायची, “अहो, शेजारच्या खोलीतून हाक मारली तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तिकडं समुद्रापलीकडे मुंगी शिंकलेली बरी ऐकू येते.” तो कानावरचे हेडफोन न काढता एक बोट वर करायचा. थांब. एवढं झालं की बोलतो. त्या बोटाला तिने नाव ठेवलं होतं ‘खांब’. मुलगी लहान होती तेव्हा दोघी स्वयंपाकघरात एकमेकींना बोट दाखवून हसत सुटायच्या, आणि त्यालाही ते ऐकू यायचं, नाही असं नाही.

सेटचं हे शेवटचं रूप बांधलं तेव्हा बायको घरात नव्हती. त्या दिवशी आभाळ गडगडायला लागलं म्हणून त्याने एरियल काढून ठेवली, वीज तारेतून आत येऊ नये म्हणून सगळेच काढतात. मग डमी लावून सेट तपासला, कोमट डबीवर बोट ठेवून खूश झाला, आणि वायर पुन्हा बदलायची ती राहिलीच. आज त्याला ते लख्ख आठवलं. आभाळ मोकळं झाल्यावर तो हेडफोन लावून बसला तेव्हा लहरींचा सगळा पट्टा मेल्यासारखा शांत होता. नेहमीची गर्दी नाही, खरखर नाही. त्याला शंकासुद्धा आली नाही, कारण या नादातल्या लोकांकडे अशा वेळचं एक तयार उत्तर असतं: सूर्य. सूर्यावरच्या डागांचं चक्र उतरणीला लागलं की वरचं आभाळ लहरी परतवत नाही, महिने महिने कुणी ऐकू येत नाही. तो मान हलवून स्वतःशीच म्हणाला, सूर्य मंदावलाय. बायको परदेशी मुलीकडे गेलेली, त्यात सूर्यही मंदावला, हे त्याला इतकं बरोबर वाटलं की टेबलामागे वाकून बघावं असं काही सुचलंच नाही. घरातला दिवा गेला तर माणूस आधी फ्यूज बघतो आणि मग गावाला शिव्या देतो. याने थेट सूर्याला बोल लावला.

आणि त्या मेलेल्या शांततेत, तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी, त्याने परवान्यावरची आपली खूण वाजवून ‘कुणी आहे का’ विचारलं, शेवटी डा-डिट-डा वाजवलं, म्हणजे ‘हं, आता तुम्ही बोला’, आणि उत्तर आलं. स्वच्छ, भरदार, जवळचं. जवळचं हा शब्द तेव्हाही त्याच्या मनात आला होता. त्याची की हातातून निसटली. समोरच्याने खूण दिली ती जुन्या पद्धतीची होती. परवानेदारांच्या छापील यादीत त्याने ती शोधली, तर डोंगरापलीकडचं थंड हवेचं गाव, दोन आद्याक्षरं आणि एक आडनाव. त्यावरून बाई की बाप्या हे कळत नाही, पण तो प्रश्नच त्याला पडला नाही. या जगात सगळे एकमेकांना ‘म्हातारबुवा’ म्हणतात, वीस वर्षांच्या पोरालाही. ‘म्हातारबुवा,’ त्याने वाजवलं, ‘माझा सेट घरी बांधलेला, फक्त अर्धा वॅट.’ पलीकडे क्षणभर काही नाही. मग, ‘पाच नऊ नऊ. फार सुंदर.’ पाच नऊ नऊ म्हणजे पैकीच्या पैकी गुण. डोंगरापलीकडे, अर्ध्या वॅटने, पैकीच्या पैकी. त्या संध्याकाळी तो घरात येरझाऱ्या घालत राहिला. सांगायला कुणी नव्हतं. त्याने बिस्किटांच्या डब्यावर हात फिरवला आणि डब्याला म्हणाला, शाबास.

दुसऱ्या दिवशी पलीकडून घरच्यांची चौकशी आली. तीही या लोकांची रीत. हवा, एरियल, वय आणि बायको, या क्रमाने. बायकोसाठी त्यांच्यात एक चावट जुना शब्द आहे, त्याचा अर्थ ‘माजी तरुणी’. ‘माजी तरुणी बरी?’ असं पलीकडून आलं. बायको तेव्हा मुलीकडे गेलेली होती, बाळंतपणासाठी. जाताना ती शांत होती, सगळ्या डब्यांवर तिने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि म्हणाली होती, “येते हं.” पहिल्यांदा, बाळाला महिना होऊ द्या. मग, अहो, दात येताहेत, आत्ता कशी निघू? मग, चालायला लागलंय, जिन्यावर चढतं, हिची नोकरी. प्रत्येक कारण खरं होतं. खोटं असं तिने एकही सांगितलं नाही, म्हणून त्यालाही कधी काही विचारता आलं नाही. तर ‘माजी तरुणी बरी?’ या प्रश्नावर त्याने वाजवलं, ‘बरी. चहा करतेय.’ विचार करून नव्हे. बोटं आपली पुढे गेली. एकदा वाजवलेलं मागे घ्यायची सोय त्या भाषेत आहे, आठ टिंबं वाजवली की आधीचं चुकलं असा अर्थ होतो. त्याने टिंबं वाजवली नाहीत. मग रोजच ती चहा करायला लागली. कधी तिला सर्दी झाली, कधी तिने पडदे धुतले. ऑफिसात मीटर घेऊन येणारा फिटर विचारायचा, “वहिनी कधी येताहेत?” तेव्हा तो म्हणायचा, “पुढच्या महिन्यात.” आणि संध्याकाळी डोंगरापलीकडे ती घरातच होती. दोन्हीकडच्या दोन बायका सांभाळताना त्याची काही धांदल उडत नव्हती, कारण खरं काय ते फिटर आणि डोंगरापलीकडचा, या दोघांतल्या कुणाला ठाऊक नव्हतं.

आता फरशीवर बसल्या बसल्या त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कारण कुणाला तरी ठाऊक होतं. तो जो कोण होता तो डोंगरापलीकडे नव्हता. तो इथं होता, भिंतीपलीकडे, गल्लीपलीकडे. आपल्या दोरीवर कुणाचे कपडे वाळतात ते त्या माणसाला दिसत होतं. गेल्या हिवाळ्यात बायकोने फोनवर म्हटलं होतं, “माझं शिलाई मशीन पाठवाल का? बाळाची झबली शिवीन.” मशीन चौघांनी मिळून जिन्यावरून उतरवलं, कठडा घासला, गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. बाळाच्या झबल्यांसाठी कुणी समुद्रापार लोखंडी मशीन नेत नाही, हे खिडक्यांमधल्या बायकांना बघताक्षणी कळलं असणार. त्याला कळायला मार्च उजाडला. आणि मशीन गेल्यावर काही दिवसांनी पलीकडून येणारी चौकशी बदलली होती. ‘माजी तरुणी बरी?’ हे यायचं थांबलं. त्या जागी यायला लागलं, ‘जेवण झालं?’ रोमन अक्षरांत, मराठीत, एवढंच. त्याला वाटलं होतं की ओळख वाढली, आता रीतभात संपून आपलेपणा आला. त्या दोन शब्दांसाठी तो बसमधून उतरल्यावर झपाझप चालत घरी यायचा. आज ते दोन शब्द पुन्हा उच्चारून बघताना त्याला कळलं की विचारणाऱ्याने किती जपून पाऊल टाकलं होतं. मशीन उतरताना त्या माणसाने बघितलं होतं. तरी त्यानंतर कितीतरी दिवस हा स्वतःहून वाजवत राहिला होता, चहा करतेय, पडदे धुतेय, आणि पलीकडचा ऐकून घेत होता. अंगावर कपडे नाहीत आणि आपण ऐटीत टायची गाठ सारखी करतोय, असं काहीतरी त्याला वाटलं, आणि तो उठून उभा राहिला, कारण बसून ते सहन होईना.

त्याने डमी उपटली आणि खरी एरियल लावली. हेडफोन कानाला लावताच सगळा पट्टा अंगावर कोसळला. शिट्ट्या, खरखर, दहा-बारा हात एकाच वेळी वाजत होते, कुणी दक्षिणेकडून, कुणी समुद्रावरून, एक तर ओरडत असल्यासारखा. सूर्याला काहीही झालेलं नव्हतं. सगळं जग वर्षभर इथंच होतं आणि त्याच्याशिवाय त्याचं छान चाललं होतं. पूर्वी अशी गर्दी ऐकली की त्याच्या बोटांना खाज सुटायची. आज त्याने त्यातल्या एकालाही उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने त्याने एरियल काढली, डमी पुन्हा खुपसली, आणि परत त्या ओळखीच्या शांततेत जाऊन बसला. टेबलावर कीच्या शेजारी एक कुरियरचं पाकीट होतं, गुरुवारी आलेलं. आत घराची किल्ली होती, बायकोची, लाल दोरा बांधलेली. सोबत चिठ्ठी नव्हती, फोनवर ती आधीच म्हणाली होती, “माझ्याकडची किल्ली पाठवतेय हो. तिकडं लागेल कुणाला तरी, इथं नुसती पर्समध्ये वाजते.” तो हो म्हणाला होता. मग फोनमध्ये मागे नातू भांडी आपटताना ऐकू येत राहिला. ती परत येणार नाही. हे वाक्य चार शब्दांचं होतं आणि ते त्याने अजून कुणालाही म्हटलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. गुरुवारपासून ते नुसतं तोंडाशी यायचं आणि तो पाणी प्यायचा. आज संध्याकाळी पलीकडून विचारतील, जेवण झालं? आणि आता आपण काय वाजवायचं? काहीच न वाजवता कायमचं गप्प व्हायचं, हाही मार्ग होता, आणि तो त्याला चांगला जमला असता. पण मग घरात खरोखरच कुणी उरलं नसतं.

दुपारी त्याने बुटांचं खोकं काढलं. आधी कोण आहे ते बघू, मग ठरवू, असं त्याने स्वतःला सांगितलं. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या आडव्या-उभ्या बांधून त्याने चौकट केली, तिच्यावर तार गुंडाळली, वेढ्याशेजारी वेढा. खोक्यात लहानसा रिसीव्हर बसवला, एक चौकोनी बॅटरी आणि हेडफोनची जोडणी. डाख देताना धुराचा तो राळेचा वास नाकात गेला आणि त्याचा हात स्थिर झाला. अशा चौकटीचा गुण उलटा असतो. ती फिरवत गेलं की आवाज मोठा होतो, पण मोठा आवाज कुठूनही येतोसं वाटतं, त्यावर विसंबता येत नाही. चौकटीने वाजवणाऱ्याकडे थेट तोंड केलं की आवाज एकदम नाहीसा होतो. म्हणजे ज्याला शोधायचं तो ऐकू येईनासा झाला की समजायचं, तो समोर आहे. पुढे की मागे, ते मात्र चौकट सांगत नाही. त्यासाठी पायपीट करावी लागते. बायकोला त्याने हे एकदा उत्साहाने समजावून सांगितलं होतं. ती कांदा चिरत होती. म्हणाली, “समोर असलं की ऐकू येत नाही, यात नवीन काय सांगितलंत?”

ऊन उतरल्यावर तो हेडफोन लावून, खोकं छातीशी धरून जिन्यातून खाली आला. इतक्यात कानात ती ओळखीची सुरुवात वाजली, आधी त्याची खूण, मग पलीकडची, मग डा-डिट-डा. तो गल्लीत उभा राहिला. रोज या वेळी तो खुर्चीत असायचा, उत्तर द्यायचा. आज पहिल्यांदाच त्याने आपल्याला हाक मारली जाताना बाहेरून ऐकली. त्याने चौकट फिरवली. गल्लीच्या तोंडाकडे आवाज मेला. तो त्या दिशेने निघाला, इस्त्रीवाल्याच्या टपरीवरून, बसच्या थांब्यावरून. थांब्यावरच्या दोन बायकांनी खोक्याकडे पाहून आपल्या पिशव्या जवळ ओढल्या. मोठ्या रस्त्याला लागल्यावर आवाज बारीक झाला. चुकलं. पुढे नाही, मागे. तो वळला. पुन्हा हाक आली, या वेळी थोडी लांबवलेली, दोनदा त्याची खूण, तीनदा. शेवटी डा-डिट-डा. बोला. त्याचे पाय झपझप पडायला लागले. काय बोलू? पुन्हा इस्त्रीवाला, पुन्हा स्वतःचं फाटक, आणि चौकटीने त्याच्या इमारतीकडे पाठ करून समोरच्या इमारतीकडे तोंड केलं. आवाज गेला. किंचित डावीकडे, आला. उजवीकडे, आला. मधे, गेला. त्याने चौकट नाकासमोर धरली आणि तिच्या मधल्या भोकातून वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर कबुतरवालीची बाल्कनी होती.

ते नाव बायकोनेच ठेवलेलं. साठीला टेकलेली बाई, एकटी राहायची, गुडघे गेलेले, खाली म्हणून उतरायची नाही. वाणसामान दोरीला टोपली बांधून वर घ्यायची, आणि बाकी वेळ हातातली काठी कठड्यावर आपटून कबुतरांना हुसकायची. कबुतरं बसू नयेत म्हणून तिने बाल्कनीच्या वर या टोकापासून त्या टोकापर्यंत तार ताणली होती, तिथून वर गच्चीच्या पाइपापर्यंत. सगळी गल्ली म्हणायची, कबुतरांची तार. त्या तारेच्या दोन्ही टोकांना पांढरे चिनी मातीचे मणी होते. चिनी मातीचे मणी! ज्या माणसाने स्वतःच्या गच्चीवर तसेच मणी बांधले होते, त्याने ती तार कित्येक वर्षं चहा पिताना समोर पाहिली होती, आणि कुणीतरी कबुतरांची म्हटलं म्हणून त्याला ती कबुतरांची दिसली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण बायको त्याच्या चष्म्यावरून म्हणायची. त्याला आता पलीकडून आलेली वाक्यं एकामागून एक आठवायला लागली. चहा झाला. हवा गरम. आज कामाला उशीर? मराठीत माणूस ‘आलो’ म्हणाला की ‘आले’ म्हणाला यावरून लगेच कळतं, पण असं एकही क्रियापद त्या बाजूने कधी आलं नव्हतं, आणि इतकं जपून वगळलेलं त्याला जाणवलंही नव्हतं. म्हातारबुवा! रोज संध्याकाळी त्याने त्या बाईला म्हातारबुवा म्हटलं होतं.

वरून पुन्हा वाजलं. आता हात घाईत होता, अक्षरं एकमेकांना चिकटत होती. त्याची खूण. त्याची खूण. जेवण झालं? जेवण झालं? डा-डिट-डा. तो खाली पांढऱ्या मण्यांखाली उभा होता, आणि तिच्या कानात काही पोचवायला त्याच्याजवळ की नव्हती. ओरडलं असतं तर ऐकू गेलं असतं, इतकं अंतर. त्याने तोंड उघडलंही. काय म्हणून हाक मारणार? काकू म्हणावं तर ती त्याच्याच वयाची, ताई म्हणावं तर ओळख नाही, आणि जी ओळख होती तिला रस्त्यात उभं राहून हाक मारायचा शब्द नव्हता. वर जावं, तर काय सांगायचं, बायको चहा करतेय? तो तसाच उभा राहिला. आणि मग कानातला आवाज थांबला. त्याने चौकट फिरवली, एकदा, दोनदा, पुरी गोल. आता कुठल्याच बाजूने काही येत नव्हतं. चौकटीचं तोंड समोर असल्यामुळे गेलेला आवाज आणि वाजवणाऱ्यानेच बंद केलेला आवाज यात कानाला फरक कळत नाही. वर बाल्कनीतला दिवा लागला आणि थोड्या वेळाने विझला. कंटाळली, त्याने मनाशी म्हटलं. बरोबरच आहे. किती वेळ कुणी एकट्याने हाका मारायच्या? मशीन नेलं तेव्हा लागलं नव्हतं इतकं त्याला ते लागलं. गल्लीच्या टोकाला जाऊन त्याने गरज नसताना पाव घेतला. दुकानदार म्हणाला, “खोक्यात काय, बूट का?” तो हो म्हणाला. मग सगळी गल्ली पुन्हा चालून, खोकं काखेत आणि पाव हातात घेऊन, तो आपल्या जिन्याला लागला.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, पायरीवर, ती बसली होती. भिंतीला टेकून, तोंड उघडं, श्वास फुललेला, काठी मांडीवर आडवी. एक चप्पल पायातून सुटून दोन पायऱ्या खाली पडली होती. त्याने आधी ती चप्पल उचलली आणि तिच्या पायाशी ठेवली, कारण तेवढंच सुचलं.

“वरच येत होते,” ती म्हणाली. “गुडघे म्हणाले, थांब.” आणि दम खाऊन, “उत्तर आलं नाही. वर्षात असं झालं नाही कधी. म्हटलं, पडलात की काय घरात. कुणाला कळणार आहे?”

“मी खाली होतो,” तो म्हणाला. “तुमच्या बाल्कनीखाली.”

तिने खोक्याकडे पाहिलं, पुठ्ठ्याच्या चौकटीकडे, वेढ्यांकडे. बोटाने एक वेढा दाबून पाहिला. “चांगली झालीय,” ती म्हणाली. मग हसली. “म्हणजे सापडली तर डबी. मला वाटायचं, आज ना उद्या हा माणूस टेबलामागे झाडू मारील. तुमची वायर फडक्यासारखी खिडकीतून आत लोंबतेय, मला रोज दिसते हो.”

“मग सांगितलं का नाही?”

“पहिल्याच दिवशी सांगणार होते. पण तुम्ही इतके खूश झालात! अर्धा वॅट डोंगरापलीकडे. ते गाव सोडून मला जमाना झाला, वडिलांची बदली तिथं होती तेव्हाचा परवाना. म्हटलं, असू दे. मोडवेना.” ती थांबली. “आणि मग माझंही रोजचं झालं.”

जिन्यात खालच्या कुणाच्या तरी घरातला पंखा घरघरत होता. त्याला सांगायचं होतं की म्हातारबुवा म्हटल्याबद्दल माफ करा. त्याला विचारायचं होतं, मशीन नेलं तेव्हा तुम्ही खिडकीत होतात ना. तो पावाची पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिला. तिने माजी तरुणीची चौकशी केली नाही, जेवण झालं का तेही आज विचारलं नाही. मग तिने मांडीवरची काठी उचलली, तिचं टोक खालच्या पायरीवर टेकवलं आणि लांब घासत नेलं. एकदा टक्कन टेकवलं. पुन्हा लांब घासलं. आणि त्याच्याकडे बघत राहिली.

डा-डिट-डा. हं, आता तुम्ही बोला.

त्याचा उजवा हात वर यायला लागला होता, सवयीने, एक बोट पुढे काढून. थांबा, एवढं झालं की. त्याने ते बोट मधेच पाहिलं आणि हात खाली घेतला. या वेळी पाणी जवळ नव्हतं.

“ती परत येणार नाही,” तो म्हणाला. आवाज जिन्यात वरपर्यंत गेला आणि त्याला स्वतःलाच ऐकू आला.

“हं,” ती म्हणाली. “ऐकलं.” तिने हात पुढे केला, आणि त्याने खोकं पायरीवर ठेवून तिला उठवलं.

“अजून एक मजला आहे,” तो म्हणाला. “सावकाश चला. चहा मी करतो.”